आडवा धागा

३ फेब्रुवारी, मंगळवार

धाकट्या,

चार वर्षांनी पत्र लिहितेय म्हणून ताईचा हात थरथरत असेल असं समजू नकोस. हात ठणठणीत आहे. आज सकाळी एका दमात कापडाचे बारा थर कापले, एक रेघ इकडची तिकडे झाली नाही. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. पाकिटावरचं अक्षर ओळखून बाजूला टाकलंस तर तुझी बायको उघडेलच. ती माझ्यावर तुझ्यापेक्षा जास्त चिडलेली आहे, पण वाचल्याशिवाय तिला राहवणार नाही.

कामाचं बोलते. वणवा पथकाचे गणवेश यंदा नवीन निघणार. दोनशे दहा माणसं, प्रत्येकी दोन जोड. शिवणखान्यात माझ्या टेबलावर दोन ताके येऊन पडलेत. एक सुती ड्रिल, जाड, खरखरीत, भिजलं की ओल्या पोत्याएवढं जड. दुसरं टेरिकॉट, निम्मं सूत आणि निम्मं पॉलिस्टर. हलकं, चुरगळत नाही, धुतलं की तासाभरात वाळतं, रंग उडत नाही. अख्खं वनखातं त्याच्यावर लट्टू झालंय. नवीन खरेदीसाहेब तर ताक्यावरून असा हात फिरवतात की मला तिकडे बघायची लाज वाटते.

मी सांगितलं, आगीसमोर जाणाऱ्या माणसाच्या अंगावर पॉलिस्टर घालायचं नाही. सूत जळतं आणि राख होऊन गळून पडतं. हे वितळतं आणि कातडीला चिकटतं. साहेब म्हणाले, "बाई, तुम्ही जुन्या वळणाच्या." म्हटलं, हो, आहेच, आणि कापडावर कापणीप्रमुखाची सही लागते, ती याच जुन्या वळणाच्या बाईची लागते. मार्चअखेर मी निवृत्त होतेय, तोवर तरी.

तुला एवढंच विचारायचंय. पाठीवर पाण्याची टाकी घेऊन चढायचं, तर जाड सुतीत दम किती लागतो? तू अकरा वर्षं पथक चालवलंस. कागदावरचं नको, तुझ्या अंगावरचं सांग.

ताई


९ फेब्रुवारी, सोमवार

धाकट्या,

उत्तर नाही. बरं. मी काही दारात बसून टपालवाल्याची वाट बघत नव्हते.

परवा चाचणी झाली. तुझ्या जागेवर आता मिशाळ आहे, आठवत असेल, तुझ्या हाताखाली होता तेव्हा ओठावर लव होती, आता दोन्ही गालांवर शेपट्या आल्यात. दहा जणांना टाक्या लावून डेपोमागच्या टेकडीवर चढवलं. पाच ड्रिलमध्ये, पाच टेरिकॉटमध्ये. मग कपडे बदलून पुन्हा. दहाच्या दहा जणांनी टेरिकॉट मागितलं. मिशाळ म्हणाला, "बाई, या ड्रिलमध्ये चढायचं तर आगीची गरजच नाही, आम्ही आपल्याआपण वाफेवर शिजतो." मी म्हटलं, "शिजलेल्याला पाणी पाजता येतं रे." सगळे हसले. पण त्यातल्या दोघांना खरंच भोवळ आली होती, आणि ते मला हसण्यावारी नेता येत नाही.

खाली आले तर साहेबांनी खोलीत बोलावलं. पंखा फुल, खिडक्या बंद, टेबलावर काचेखाली मुलांचे फोटो. माणूस वाईट नाही. मला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि खणातून एक कागद काढला.

"बाई, गेली चार वर्षं आपली माणसं काय घालतात?"

"सुती. माझी सही आहे त्याच्यावर."

"मिश्र घालतात. मी गेल्या महिन्यात जुने शर्ट प्रयोगशाळेत पाठवले होते. चाळीस टक्के पॉलिस्टर आहे."

मी म्हटलं, शक्य नाही. त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला. शिक्का, सही, आकडे, सगळं होतं.

"मी तुम्हाला दोष देत नाहीये," म्हणाले. "उलट तुमच्या नकळत चार वर्षांची चाचणी झाली म्हणा ना. चार उन्हाळे, दोनशे माणसं, आणि भाजले किती जण? एक. त्या एकानेही नियम मोडून आत नायलॉनचं बनियन घातलं होतं. चौकशीच्या अहवालातच आहे. म्हणजे मिश्र कापड सुरक्षित आहे, हे तुम्हीच सिद्ध केलंत. आता सही करायला हरकत काय?"

तो एक कोण, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मी सांगितलं नाही. उठले आणि बाहेर आले. आज यापुढे लिहिणं होणार नाही.

ताई


१४ फेब्रुवारी, शनिवार

धाकट्या,

कागदावर विश्वास ठेवणारी मी नव्हे. कपाटात जुन्या ताक्याचा हातभर उरलेला तुकडा होता, तो काढला. नेहमीसारखा आडवा फाडला. फाडलेल्या कडेला धाग्यांची झालर सुटते, त्यातला एक ओढला आणि काडी लावली. भुरकन जळाला, जळक्या कागदाचा वास, बोटावर मऊ राख. शंभर टक्के सूत. मला हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू. म्हटलं, प्रयोगशाळेचीच गफलत झाली.

आणि मग चार दिवस ते डोक्यातून जाईना. काल पुन्हा तुकडा घेतला. या वेळी उभा फाडला आणि आडवा धागा ओढला. काडी लावली तर तो आक्रसला, मागे सरला, आणि टोकाला काळा कडक मणी झाला. बोटाला चिकटला. हे बघ, अजून फोड आहे.

कळलं का तुला? कापड आडवं फाडलं की झालर सुटते ती उभ्या धाग्यांची. माझ्या मास्तरांनी मला तोच ओढायला शिकवला, त्यांना त्यांच्या मास्तरांनी. सव्वीस वर्षं मी ताका आला की फाडते, ओढते, जाळते, सही करते. आडवा धागा मी जन्मात कधी जाळून बघितला नाही, आमच्यापैकी कोणीच नाही बघितला. गिरणीवाल्याला आमची ही खोड ठाऊक असणार. उभा सगळा सुती घातला आणि आडवा सगळा पॉलिस्टर. ड्रिलच्या विणीत उभा धागा वरच्या अंगाला दिसतो आणि आडवा आतल्या अंगाला राहतो, म्हणजे जो वितळतो तोच नेमका पाठीला लागून.

आता चौकशी आठव. वारा फिरला, तू रांगेत शेवटी होतास, पाठ भाजली. जखमेत वितळून चिकटलेलं काहीतरी काळं सापडलं. शर्ट दवाखान्यात कापून टाकलेला, दाखवायला काही नाही. साहेब लोकांनी मला बोलावलं. मी ताठ मानेने सांगितलं, कापड माझ्या हाताखालून गेलंय, शुद्ध सुती आहे. मग त्यांनी हिशोब मांडला: बाहेरचं सुती, तर वितळलेलं आतलंच असणार. पथकप्रमुखाने स्वतःच नियम मोडला आणि वर खोटं बोलला. तुझी पथकप्रमुखाची शिट्टी काढून घेतली, तुला गोदामावर बसवलं, आणि महिन्याभरात तू गाव सोडून बंदरावर वजनकाट्याची नोकरी धरलीस.

तू पलंगावर पालथा पडून मला म्हणाला होतास, "ताई, बनियन सुतीच होतं गं." आणि मी आईदेखत म्हणाले होते, "कापड खोटं बोलत नाही." आता मला तरी काय ठाऊक होतं, त्या दिवशी तू आत काय घातलं होतंस?

आईला कालच सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. ऐकून घेतलं, एक काडी सुद्धा खाली पडू दिली नाही. मग म्हणाली, "म्हणजे तो खरं बोलत होता."

"हो."

"आणि तू?"

"मला तेव्हा वाटलं की—"

"तुला काय वाटलं ते मी विचारलं नाही." परात उचलली आणि उठली. "आधी त्याला लिही. तोवर तुझ्या हातचा चहा मला नको."

तेव्हापासून अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई स्वतःचा चहा स्वतः करतेय. अर्धी साखर ओट्यावर, अर्धी जमिनीवर. मुंग्यांची चंगळ आहे. मी पुसायला गेले तर हात झटकला.

तर लिहिलं आहे. सही मी करणार नाही. तू काही म्हण, आई काही म्हणो, खातं काही म्हणो, त्या टेरिकॉटवर माझं नाव पडणार नाही.

ताई


२४ फेब्रुवारी, मंगळवार

धाकट्या,

आज खूप लिहायचं आहे, बसून वाच.

मी नकार दिला तशी साहेबांनी कुठून तरी तुझं नि माझं नातं शोधून काढलं. आपणहून माझ्या टेबलाशी आले, आवाज खाली. "बाई, महिना राहिला. तुमची जुनी चूक माझ्या खणात आहे, खणातच राहील. जुनं उकरलंत तर पहिल्या तुम्हीच सापडाल. निरोप समारंभ होऊ द्या की छान." मी कात्री खाली ठेवली नाही. म्हटलं, "साहेब, समारंभात लोक खोटं गोड बोलतात, आणि मला गोड सोसत नाही. बैठक लावा."

बैठकीआधी आठ दिवस मी ड्रिलच्याच मागे लागले. कारण भोवळ खरी होती. कापड जड होतं, पण त्याहून वाईट होता तो शर्टाचा बेत. गणवेश अंगासरशी बसला पाहिजे हा खात्याचा जुना हट्ट, छाती फुगवून रांगेत उभं राहायला बरा. मी ढगळ बेतला. पाठीला चुण्या, काखेत वेगळा चौकोनी तुकडा, बाही सैल, म्हणजे हात उचलला की हवा आत-बाहेर खेळते. मिशाळला दोन शर्ट शिवून दिले आणि म्हटलं, जा, चढ. तीनदा चढून आला. म्हणाला, "दिसतोय गबाळा, पण बाई, जमतं." एवढं प्रमाणपत्र मला पुरलं.

बैठकीत पाच जण. मोठे साहेब, खरेदीसाहेब, हिशेबनीस, खात्याच्या डॉक्टरीणबाई आणि मिशाळ. मी घरून दोन मोठे बटाटे सालासकट अर्धे उकडून नेले होते. एक ड्रिलमध्ये गुंडाळला, एक टेरिकॉटमध्ये, आणि कँटीनचा स्टोव्ह मागवला. हिशेबनीस म्हणाले, "बाई, जेवायची वेळ अजून व्हायची आहे." म्हटलं, थांबा जरा, भूक राहते का बघू.

चिमट्यात धरून दोन्ही जाळावर सारखेच फिरवले. ड्रिल काळं पडलं, झटकलं तर गळालं, खालचा बटाटा नुसता गरम. टेरिकॉट आक्रसून घट्ट बसलं. डॉक्टरीणबाईंच्या हातात दिलं आणि म्हटलं, काढा. त्यांनी कडा धरून ओढली, तर कापडाबरोबर साल आलं, आणि सालाबरोबर खालचा गरही. त्यांनी ते ताटलीत ठेवलं आणि हात पुसत राहिल्या. मिशाळ उठून खिडकीशी गेला.

खरेदीसाहेब तरी म्हणाले, "पण चार वर्षांचा अनुभव बघा. भाजलेला एकच, आणि त्याने नायलॉनचं बनियन—"

"तो एक माझा भाऊ," मी म्हटलं. "आणि त्याचं बनियन सुती होतं."

मोठे साहेब म्हणाले, "हे तुम्ही आता कशावरून सांगता?"

"मीच शिवलं होतं. त्या हंगामाआधी सहा शिवून दिली होती त्याला. कापड मलमलीचं, दोरासुद्धा सुती. नायलॉनने त्याला लहानपणापासून अंगभर चट्टे उठतात, तो घालूच शकत नाही."

"मग चौकशीत का नाही सांगितलंत?"

धाकट्या, मागच्या पत्रात मी लिहिलं की तू आत काय घातलं होतंस हे मला ठाऊक नव्हतं. ते खोटं. तुझ्यापुढे कबूल करायला बसले आणि तिथेही एक खोटं घुसडलंच. मला ठाऊक होतं. कापड मिश्र आहे हे तेव्हा माहीत नव्हतं, देवाशपथ नव्हतं, पण तुझं बनियन सुती आहे हे माहीत होतं. बनियन सुती म्हटलं की कापडावर बोट येणार, आणि कापडावर माझी सही. म्हणून मी तोंड मिटून बसले. तुकडा कपाटात होता. एक काडी ओढायची होती. चार वर्षं मी ते कपाट त्या कारणाने उघडलं नाही.

हेच सगळं मी बैठकीत सांगितलं, असंच, उभं राहून. लेखी दिलं. खाली सही केली. ती मात्र जरा वाकडी आली.

ताई


५ मार्च, गुरुवार

धाकट्या,

निकाल लागला. ड्रिल, ढगळ बेत. मिशाळने बैठकीत सांगून टाकलं की टेरिकॉट आणलं तर पथक गणवेश घेतल्याच्या सहीसाठी रांगेत उभंच राहणार नाही. जुने शर्ट सगळे परत मागवलेत, हंगाम लागायच्या आत.

मला घरी बसवलंय. चौकशी होईपर्यंत कामावर यायचं नाही, समारंभ नाही, काही नाही. कात्री माझी स्वतःची होती, ती घेऊन आले. दारावरच्या माणसाने पिशवी तपासायला मागितली तर म्हटलं, बघ बाबा, नीट बघ, उभं-आडवं दोन्ही बघ. बिचारा गोंधळला. शेजारणी विचारतात, "आज घरी कशा?" मी सांगते, "चूक केली होती, ती सांगितली." पुढचं विचारायची कोणाची छाती होत नाही. मी खाली मान घालून हिंडणार नाही. मान खाली घालायची वेळ चार वर्षांपूर्वीची होती, तेव्हा मी ती ताठ ठेवली. आता घालून कोणाचं भलं व्हायचंय?

तुझी चौकशी पुन्हा उघडली आहे. एकोणीस मार्च, सकाळी अकरा, मोठ्या साहेबांची खोली. तुझी साक्ष हवी आहे, आणि डॉक्टरीणबाईंना तुझी पाठ तपासायची आहे. कागद सोबत जोडलाय.

मी माफी मागत नाही. मागितली की ती द्यायची की नाही याचं ओझं पुन्हा तुझ्यावरच येणार, आणि तू माझं पुष्कळ वाहिलंस. ये, किंवा नको येऊस. मी माझ्या बाजूने जे खरं ते लिहून दिलंय, ते तू आलास न आलास तरी तसंच राहणार.

ताई


१२ मार्च

ताई,

पत्रं सगळी पोचली. तीन मी उघडलीच नव्हती. चौथं हिने उघडलं आणि मला ऐकू जाईल असं वाचायला लागली, मग मध्येच थांबली आणि कागद माझ्या हातात दिला. मग बाकीचीही वाचली.

सहा बनियनं होती. मलाही आठवत होतं. चौकशीत मी तुझ्याकडे बघत होतो, की आता ताई बोलेल. तू बोलली नाहीस. तिथे मी स्वतःहून तुझं नाव घेऊ शकलो असतो. घेतलं नाही. म्हटलं, तिला सांगायचं असेल तर सांगेल.

एकोणीसला येतो. तुझ्यासाठी नाही. अहवालात माझ्या नावापुढे खोटारडा लिहिलंय ते खोडायला येतो. गाडी साडेनऊला पोचते. न्यायला येऊ नकोस. आईला सांग, परत जाताना तिच्याकडे जेवून जाईन.

एक अट आहे. दवाखान्यात पट्टी सोडायची वेळ झाली की तू पाणी आणायला जायचीस. रोज. तांब्या भरलेला असायचा, तरी जायचीस. आईने पाहिलं, हिने पाहिलं, मीही पाहिलं, कोणी काही बोललं नाही. त्या पाठीला अजूनपर्यंत तू एकदाही बघितलेलं नाहीस.

एकोणीसला डॉक्टर बघतील तेव्हा तू खोलीत उभी राहायचं. मी शर्ट काढणार, आणि आडवा धागा कुठून कुठवर चिकटला होता ते बोट लावून दाखवणार. तू मान वर ठेवतेस ना, तशीच ठेव. आणि शेवटपर्यंत बघ.

धाकटा